सैतानाच्या नावे पावती

आपल्या धर्मग्रामांतील युवकांसाठी ज्या तपसाधना भरतात, त्यांतील एक तास ‘सैतानी संगीत’ या विषयासाठी हमखास राखून ठेवलेला असतो. व्याख्याते बाहेरगावचे असतात. पडद्यावर कवट्या, उलटे क्रूस आणि केस पिंजारलेल्या गायकांची छायाचित्रे दाखविली जातात. मुले माना खाली घालून बसतात आणि तास संपला की एखादी मुलगी रडते, एखादा मुलगा आपल्या मोबाइलमधील गाणी पुसून टाकतो. पालक कृतार्थ होतात. या साऱ्या प्रकाराला माझा विरोध आहे आणि तो मी येथे स्पष्ट शब्दांत नोंदवू इच्छितो. हा तास श्रद्धेची सेवा करीत नाही. तो आपले, म्हणजे पालकांचे आणि धर्मशिक्षकांचे, ऐकण्याचे कष्ट तेवढे वाचवितो.

वाशीम जिल्ह्यातील आमची काही मुले मागे अशाच एका तपसाधनेस जाऊन आली. परतल्यावर त्यांनी मला निषिद्ध संगीताची यादी दाखविली. तिच्यात परदेशी नावांच्या रांगेत मुंबईच्या ‘स्क्राइब’ या वाद्यवृंदाची ‘मार्क ऑफ तेजा’ ही ध्वनिमुद्रिका होती. व्याख्यात्यांचा निर्वाळा असा की, ‘मार्क’ म्हणजे प्रकटीकरण ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात सांगितलेली श्वापदाची खूण, आणि ‘तेजा’ म्हणजे तेज धारण करणारा, अर्थात ल्युसिफर! ही व्युत्पत्ती ऐकून मी थक्क झालो. लॅटिन आणि संस्कृत या दोन्ही भाषांना एकाच वेळी इतके राबविलेले मी पूर्वी पाहिले नव्हते.

वस्तुस्थिती काय आहे? १९९४ साली राजकुमार संतोषी यांचा ‘अंदाज अपना अपना’ हा हिंदी विनोदी चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात परेश रावल यांनी जुळ्या भावांच्या दोन भूमिका केल्या आहेत. एक भाऊ गर्भश्रीमंत व्यापारी, दुसरा तेजा नावाचा भुरटा खलनायक. दोघांची सरमिसळ होते तेव्हा खरा तेजा कोण, हे त्याच्या हस्तकांनाही कळेनासे होते आणि अंगावरच्या खुणेचा, ‘मार्क’चा, दाखला द्यावा लागतो. चित्रपटगृहांत हा चित्रपट फारसा चालला नाही, पण पुढे दूरचित्रवाणीवर पाहून पाहून एका संपूर्ण पिढीला त्याचे संवाद मुखोद्गत झाले. त्या पिढीतील मुंबईच्या काही तरुणांनी २०१० साली आपल्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेला त्या प्रसंगावरून नाव दिले. पहिली ‘कन्फेक्ट’ २००८ सालची, आणि तिसरी २०१४ सालची ‘हेल मोगँबो’. मोगँबो कोण हे वाचकांना सांगावयास नको. प्रकटीकरण ग्रंथाचा आणि परेश रावल यांचा संबंध जोडणारा प्रवचनकार आपल्या मुलांना सैतानापासून वाचवीत नाही. मुले त्याला मनातल्या मनात हसतात आणि त्या हसण्याबरोबर प्रकटीकरण ग्रंथही हास्यास्पद होऊन बसतो. ही हानी मला फार मोठी वाटते.

ज्यांना या संगीताचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. ‘मेटलकोअर’ हा प्रकार दोन प्रवाहांच्या संगमातून निघाला. एक ‘हेवी मेटल’, दुसरा ‘हार्डकोर पंक’. पहिल्यातून त्याने गिटारचे जड, घासलेले स्वर आणि पायाने वाजविलेल्या ढोलाचा सतत चालणारा मारा घेतला. दुसऱ्यातून घेतली घाई, संताप आणि गायक व श्रोते यांच्यात कुंपण न ठेवण्याची रीत. गाणे वेगाने धावत असते आणि मध्येच एकाएकी लय पडते. सारी वाद्ये एकदम, संथपणे, घणाचे घाव घालावेत तशी वाजू लागतात. या जागेला ‘ब्रेकडाउन’ म्हणतात. श्रोता ज्याची वाट पाहत असतो ती हीच जागा. ‘स्क्राइब’चे गायक विश्वेश कृष्णमूर्ती या जागी जो आवाज काढतात, तो प्रथम ऐकणाऱ्यास माणसाचा वाटत नाही, हे मी मान्य करतो. परंतु तो माणसाचाच आहे. आपल्या गळ्यात स्वरतंतूंच्या वर मांसल पडद्यांची आणखी एक जोडी असते. तिला कंप देता आला की असा खरखरीत, खोल ध्वनी निघतो. त्यासाठी रियाज लागतो, अन्यथा घसा फाटतो. इटलीच्या सार्डिनिया बेटावरील मेंढपाळ चौघे मिळून जे परंपरागत गायन करतात, त्यातील खर्ज लावणाराही याच पडद्यांचा उपयोग करतो. त्या बेटावरील लोक पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक आहेत. त्यांचे गाणे ऐकून कोणी भूत उतरविण्यास धर्मगुरू बोलाविल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता ‘मार्क ऑफ तेजा’मध्ये आहे तरी काय? मी ती ध्वनिमुद्रिका आरंभापासून अखेरपर्यंत, एकदा नव्हे तर चार वेळा ऐकली. (दुसऱ्या वेळी शेजाऱ्यांनी दार ठोठावले, म्हणून पुढे कर्णयंत्र लावून ऐकली.) शब्द बहुतांशी इंग्रजी आहेत आणि पुष्कळदा ते कळतच नाहीत. तिच्यातील एका गाण्याचे नाव ‘आय लव्ह यू पावभाजी’ असे आहे, दुसऱ्याचे ‘दम है तो आगे आ’. पावभाजीवरील प्रेम हे पाप असेल तर आपल्या सणाच्या जत्रेतील निम्म्या लोकांना पापनिवेदनासाठी रांगेत उभे राहावे लागेल. नरकाचे भय घालणारा जो आवाज युरोपातील वाद्यवृंदांनी घडविला, तो या मुलांनी उचलला, त्यातली उसनी भुते बाहेर काढली आणि त्या जागी चौपाटीवरील तवा आणि हिंदी चित्रपटातील खलनायक आणून बसविला. यास मी विटंबना म्हणणार नाही. हा एक प्रकारचा देशीकरणाचा उद्योग आहे, आणि देशीकरणाविषयी आपल्या ख्रिस्तसभेत परिसंवादांची वाण कधीच नसते.

त्याच मुंबईत साहिल मखिजा नावाचे कलावंत आहेत. ‘डेमोनिक रिझरेक्शन’ या वाद्यवृंदाचे ते गायक. रंगमंचावरील नाव ‘डेमनस्टीलर’. नाव वाचून आपला व्याख्याता जपमाळ हाती घेईल. हेच गृहस्थ इंटरनेटवर स्वयंपाकाचे वर्ग घेतात आणि त्या वर्गांसाठी ते घरोघरी माहीत आहेत. नावावरून माणूस ओळखण्याची ही आपली रीत नेमकी तेजाच्या हस्तकांची रीत आहे. अंगावर खूण दिसली की तोच खरा!

या रीतीचा दुसरा बाजूनेही घात होतो. वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल, पण मेटलकोअर या प्रकारात स्वतःला उघडपणे ख्रिस्ती म्हणविणारे वाद्यवृंद अमेरिकेत शेकड्यांनी निघाले. फ्लॉरिडाच्या ‘अंडरओथ’ची २००६ सालची ध्वनिमुद्रिका तेथील विक्रीच्या सर्वसाधारण यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर गेली होती. सॅन दिएगोचा ‘ॲज आय ले डाइंग’ हाही त्याच पंथातला. आपले व्याख्याते मुलांना पर्याय म्हणून जी ‘निर्दोष’ यादी देतात, तिच्यात ही नावे मी पाहिली आहेत. तर या दुसऱ्या वाद्यवृंदाचा गायक टिम लँबेसिस याने आपल्या दुरावलेल्या पत्नीच्या खुनासाठी मारेकरी नेमण्याचा प्रयत्न केला. गुन्हा कबूल केल्यावर २०१४ साली त्यास सहा वर्षांची शिक्षा झाली. श्रद्धा आधीच सुटली होती आणि तरीही ख्रिस्ती श्रोत्यांसमोर तेच रूप वागविले जात होते, अशा अर्थाचे त्याने पुढे सांगितले. मला त्या माणसाचा न्याय करावयाचा नाही. त्याने शिक्षा भोगली आहे. परंतु आपल्या याद्यांचा न्याय मात्र अवश्य करावयाचा आहे. ज्या यादीत हा ‘ख्रिस्ती’ म्हणून निर्दोष ठरतो आणि पावभाजीवाले सैतानी ठरतात, ती यादी करणाऱ्याने ऐकले काय आणि पारखले काय?

येथे कोणी म्हणेल, तुम्ही विनोदावर वेळ मारून नेत आहात. पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्यासारख्या थोर धर्मपंडिताने या संगीताविषयी जो गंभीर आक्षेप घेतला, त्याचे काय? आक्षेप खरा आहे आणि तो टाळण्याची माझी इच्छा नाही. ते कार्डिनल रात्झिंगर असताना २००० साली प्रसिद्ध झालेल्या उपासनाविषयक ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की, रॉक संगीताच्या महामेळाव्यांना एका पंथाचे स्वरूप येते. गर्दी, लय, गोंगाट आणि दिव्यांचा झगमगाट यांत माणूस स्वतःला हरवून बसतो आणि ही मुक्ती ख्रिस्ती उपासनेच्या विरुद्ध टोकाची आहे. गर्दीविषयीचे त्यांचे निरीक्षण मला शंभर टक्के पटते. जर्मनीत वाढलेल्या त्या पिढीने गर्दी म्हणजे काय ते पाहिले होते. परंतु त्यांचा ग्रंथ मिस्साबलिदानाविषयी आहे. ‘स्क्राइब’ला अर्पणविधीच्या वेळी बोलवा, असे कोणीही म्हणत नाही. शिवाय या बाबतीत दोन परमगुरूंचे एकमत नव्हते हेही ध्यानात घ्यावे. १९९७ साली इटलीतील बोलोन्या येथे राष्ट्रीय ख्रिस्तशरीर परिषदेच्या निमित्ताने बॉब डिलन यांनी पोप दुसरे जॉन पॉल यांच्यासमोर गायन केले. पोप महोदयांनी त्याच गायकाच्या एका प्रसिद्ध गाण्यातील प्रश्न उचलून तरुणांना प्रवचन दिले. रात्झिंगर यांना तो कार्यक्रम रुचला नव्हता, असे त्यांनीच पुढे लिहिले. दोघेही श्रद्धावंत, दोघेही विचारवंत. मतभेदाला जागा होती, ती आपण का बुजवावी?

आणि गर्दी, गोंगाट व झगमगाट यांचाच प्रश्न असेल, तर तो आपल्या दारातून सुरू करू. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. आपल्या लग्नांच्या वरातींत आणि काही ठिकाणी सणाच्या मिरवणुकीतही जी ध्वनिक्षेपकांची भिंत ट्रॅक्टरवर उभी केली जाते, तिच्यापुढे ही मर्यादा पाळली जाते काय? त्या भिंतीतून जी गाणी वाजतात त्यांचे शब्द तर सर्वांना स्वच्छ कळतात, आणि ते आजीपुढे म्हणून दाखवावेत असे नसतात. पण ती चाल ओळखीची, नाचण्याजोगी, म्हणून तिच्यात सैतान नाही! सैतान फक्त न कळणाऱ्या गाण्यात असतो. हा सोयीचा धर्म झाला.

संगीताविषयीची आपली भीती नवी नाही आणि तिचा इतिहास फारसा भूषणावह नाही. १३२४-२५ च्या सुमारास पोप बाविसावे जॉन यांनी बहुस्वरी गायनातील नव्या लकबींवर टीका केली. त्यांची तक्रार अशी की, हे गायक स्वरांचे तुकडे करतात, कानाला धुंदी आणतात, भक्ती बाजूस राहते. चारपाच दशके लोटली नाहीत तोच त्याच नव्या शैलीत गियोम द माशो यांनी संपूर्ण मिस्साची स्वररचना केली. ती आज संगीताच्या इतिहासात अभिमानाने शिकविली जाते. १९०३ साली, म्हणजे ज्या वर्षी आपले ‘निरोप्या’ मासिक सुरू झाले त्याच वर्षी, पोप दहावे पायस यांनी देवळात पियानो, ढोल, झांजा इत्यादी वाद्यांस मनाई केली. तेव्हा ती वाद्ये नाटकगृहाची समजली जात. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा जो दस्तऐवज मंजूर केला, त्याने निरनिराळ्या देशांतील लोकांच्या संगीतपरंपरांना मान दिला आणि आपल्या देवळांत ढोलकी, तबला, टाळ आले. आज ढोलकीशिवाय मराठी मिस्साची कल्पना करवत नाही. तीन स्वरांच्या अंतराच्या एका विशिष्ट जोडीला मध्ययुगात ख्रिस्तसभेने सैतानाचा स्वर म्हणून बंदी घातली होती, ही कथा तपसाधनांतून फार चवीने सांगितली जाते. अशा बंदीचा पुरावा कोठेही नाही. ते नाव अठराव्या शतकाच्या आरंभी संगीतशिक्षकांच्या पुस्तकांतून रूढ झाले. स्वर गाण्यास कठीण होता, एवढाच त्याचा अपराध. गाणी उलटी वाजविली की सैतानाचा संदेश ऐकू येतो, ही दुसरी कथा. तिची मजल अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेली. दोन तरुणांच्या आत्मघाताला ‘जुडास प्रीस्ट’ या वाद्यवृंदाच्या गाण्यात दडलेले शब्द कारणीभूत आहेत, असा दावा नेव्हाडा राज्यात चालला आणि १९९० साली तो फेटाळला गेला.

इटलीतील कापुचिन संघाचे ब्रदर चेझारे बोनिझ्झी यांचे उदाहरण तर मला मोठे मनोज्ञ वाटते. पांढरी लांब दाढी, अंगात संघाचा तपकिरी झगा, वय साठीपलीकडे. ‘मेटॅलिका’चा कार्यक्रम पाहून हा संन्यासी इतका भारावला की स्वतःच हेवी मेटल गाऊ लागला. २००८ साली त्यांची ‘मिस्तेरी’ ही ध्वनिमुद्रिका निघाली आणि त्या वर्षीच्या मोठ्या मेटल महोत्सवात ते गायले. पुढच्याच वर्षी त्यांनी गाणे थांबविले. कारण सांगताना त्यांनी सैतानाचे नाव घेतले खरे, परंतु तो त्यांना गिटारमध्ये आढळला नव्हता. तो प्रसिद्धीतून आला, त्याने आपल्याला मोठे केले, सहकाऱ्यांपासून आणि संघबंधूंपासून तोडण्याचा प्रयत्न केला, असे त्यांचे म्हणणे होते. सैतान कोठे वस्ती करतो हे ओळखण्याची ही खरी कॅथलिक दृष्टी. प्रसिद्धीच्या त्या मोहावर आपल्या तपसाधनांत एखादा तास झाल्याचे मला आठवत नाही. कदाचित मंचावर बसणाऱ्यांना तो विषय अडचणीचा वाटत असावा. असो.

हा विषय मी हाती घेतला तो केवळ एका ध्वनिमुद्रिकेच्या कैवारासाठी नव्हे. आमच्या भागातील एका घरात, गाव सांगत नाही, बारावीनंतर पुण्याला शिकावयास गेलेला मुलगा सुटीत परतला तो हे संगीत घेऊन. आईने तपसाधनेतील यादीशी ताडून पाहिले आणि सारी गाणी पुसावयास लावली. त्याने एक शब्द न बोलता पुसली. मिस्सालाही तो येतो, रांगेत उभा राहून ख्रिस्तशरीर घेतो. फक्त तो घरात बोलेनासा झाला. माझ्याकडे आला तेव्हा त्याने एवढेच विचारले, “काका, मला राग येतो तेव्हा मी देवळात कोणतं गाणं म्हणू?” मी क्षणभर गप्प झालो, कारण आमच्या गायनपुस्तिकेची पाने मी मनातल्या मनात उलटून पाहिली. स्तुती आहे, आभार आहेत, मरियामातेची गोड गाणी आहेत, टाळ्यांची गाणी आहेत. रागाचे एकही नाही.

त्याला राग कशाचा येतो, हे विचारण्याची गरज आहे काय? १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. आठ वर्षांनी, २००६ साली, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पश्चिम विदर्भातील पाच आणि वर्धा अशा सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांना ३,७५० कोटी रुपयांची मदतयोजना जाहीर करावी लागली. त्या सहांत वाशीम होता. सोयाबीनचा भाव, बँकेचा तगादा, पावसाची ओढ आणि अंगणात ठेवलेले प्रेत, हे पाहत ही पिढी वाढली आहे. त्यांच्यापैकी ज्यांना अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला ते सुटले, असे आपण समजतो. सुटले नाहीत, ते बरोबर घेऊन गेले. आपण ख्रिस्ती कुटुंबे या जिल्ह्यात मूठभर आणि विखुरलेली. म्हणून आपले दुःख आपण एकमेकांनाही फारसे दाखवीत नाही. देवळात तर मुळीच नाही. तेथे सर्वांनी हसतमुख असावे असा आपला अलिखित दंडक झाला आहे.

खरे पाहता ख्रिस्तसभेला रागाची भाषा येत होती. स्तोत्रसंहिता उघडा. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. शेवटी आशेचा एक शब्दही नाही. धर्मगुरू आणि धर्मभगिनी शुक्रवारच्या रात्रप्रार्थनेत ते आजही म्हणतात, पण सामान्य भाविकांच्या कानांवर ते क्वचितच पडते. शत्रूंवर शाप मागणारी तीन स्तोत्रे, अठ्ठावन्नावे, त्र्याऐंशीवे आणि एकशे नववे, १९७१ च्या सुधारित प्रहरप्रार्थनेतून समूळ गाळण्यात आली. इतर काही स्तोत्रांतील कडव्यांनाही कात्री लागली. ती म्हणणे आधुनिक मनाला जड जाते, असे कारण दिले गेले. कारण समजण्यासारखे आहे. परंतु शाप देण्याची इच्छा मनातून गेली काय? ती देवासमोर बोलून टाकण्याची जागा मात्र गेली.

त्याहून मोठी गोष्ट नादाची. पवित्र सप्ताहातील शेवटच्या तीन दिवसांत ‘टेनेब्रे’ म्हणजे ‘अंधार’ या नावाची प्रार्थना होत असे. त्रिकोणी दीपदानावर पंधरा मेणबत्त्या. स्तोत्रे आणि यिर्मयाची विलापगीते म्हटली जात आणि एकेक मेणबत्ती विझविली जाई. शेवटची जळतीच वेदीमागे लपवीत. देऊळ काळोखात बुडाले की सारे जमलेले लोक हातातील ग्रंथ बाकांवर आपटत, लाकडे बडवीत. शब्द नाही, सूर नाही, केवळ धडधडाट. प्रभू येशूने वधस्तंभावर मोठ्याने आक्रोश करून प्राण सोडला तेव्हा धरणी हादरली आणि खडक फुटले, त्याचा तो नाद. मग लपविलेली मेणबत्ती परत आणीत आणि लोक मुकाट्याने घरी जात. मेटलकोअरमधील ज्या ‘ब्रेकडाउन’विषयी मी वर लिहिले, त्याच्याशी या क्षणाचे साम्य मला विलक्षण वाटते. सारे म्हणून झाल्यावर जे उरते, ते म्हणण्यासाठी शब्द अपुरे पडतात, हे ख्रिस्तसभेला शतकानुशतके ठाऊक होते आणि तिने त्यासाठी पवित्र सप्ताहाच्या मध्यावर जागा ठेवली होती. १९५५ सालच्या पवित्र सप्ताहाच्या सुधारणेनंतर ही प्रार्थना मागे पडत गेली. आमचा अमरावती धर्मप्रांतही १९५५ सालचाच. म्हणजे आमच्या येथील बहुतेकांनी तो नाद कधी ऐकलाच नसेल. तो आपल्या आजोबांच्या धर्माचा भाग होता, हे आपल्या नातवंडांना कोण सांगणार?

आणि नाद काय, या मातीला परका आहे? आमच्याच जिल्ह्यात, मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा समाजाच्या वारशाच्या संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. लोक त्यास ‘नंगारा भवन’ म्हणतात, नंगारा या वाद्यावरून. होळीच्या दिवसांत तांड्यावर नंगाऱ्याच्या ठेक्यावर लेंगी गातात, त्यात चेष्टा असते, वर्षभराचा साचलेला सल असतो आणि गेलेल्या माणसांची आठवणही असते. गोंधळ्याचा संबळ, मातंग वाजंत्र्यांची हलगी. ही वाद्ये पोटात हादरा देण्यासाठीच घडविली आहेत. शेजारी समाज आपला राग आणि शोक चारचौघांत वाजवून मोकळे होतात. आपण तेवढे इलेक्ट्रॉनिक पेटीवर मंद सुरात हसत राहतो.

येथवर मी ‘स्क्राइब’चा बचाव केला असे कोणास वाटेल, तर त्यांच्याशीही माझे भांडण आहे. ते सैतानाचे नाही. ‘मार्क ऑफ तेजा’मध्ये जो गळा आहे, जी शिस्त आहे, तालाचा जो पक्केपणा आहे, तो ऐकताना मला वारंवार वाटले की ही मुले रडण्याचे सामान घेऊन आली आणि हसून निघून गेली. प्रत्येक गंभीर जागेवर एक थट्टा. आपण हे मनापासून म्हणत आहोत असे कोणी समजू नये, याची सतत काळजी. मुंबईच्या सुशिक्षित घरांतील मुलांना ही ढाल परवडते. वाशीमच्या मुलाला ती पुरत नाही. परदेशी भुते हाकलली हे उत्तम झाले, पण रिकाम्या जागी केवळ चित्रपटातील संवाद बसवून भागत नाही. इंग्रजीत ओरडल्यामुळे तर तो आक्रोश वऱ्हाडात पोहोचेपर्यंत आवाजच तेवढा उरतो. असा गळा मराठीत, आपल्या दुःखाविषयी, कोणी लावील तर मी या वयातही तिकीट काढून जाईन. परंतु ही टीका ऐकून केलेली आहे. ऐकणारा श्रोता कलावंताशी भांडू शकतो आणि आपल्या मुलाशीही भांडू शकतो. न ऐकता खूण तपासणाऱ्याला दोन्ही जमत नाही.

माझे मागणे मोठे नाही. येत्या प्रायश्चित्तकाळात युवकांच्या तपसाधनेत ‘सैतानी संगीता’चा जो तास असेल, त्यातील चित्रे काढून ठेवावीत. पालकांनाही त्या तासाला बसवावे, कारण खरी गरज त्यांना आहे. मुलांना त्यांच्या आवडीचे एकच गाणे निवडू द्यावे आणि ते सर्वांनी, धर्मगुरूंसह, शेवटपर्यंत ऐकावे. शब्द कळत नसतील तर मुलाने ते वाचून दाखवावेत. त्यात निंद्य असेल ते निंद्य म्हणावे. काही गाण्यांत तसे असते, आणि मुलांनाही ते ठाऊक असते. त्यानंतर अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र एखाद्या मुलानेच, गळा आवळून न घेता, मोठ्याने वाचावे. पवित्र सप्ताहात एखाद्या धर्मग्रामाने टेनेब्रेची प्रार्थना मराठीतून करून पाहावी. पंधरा मेणबत्त्या आणि काही जाड पुस्तके यांपलीकडे तिला खर्च नाही. या पत्राच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी वडीलधाऱ्यांकडून त्या नादाविषयी ऐकलेले काही असेल, तर त्यांनी ते अवश्य लिहून पाठवावे. तो मुलगा दिवाळीच्या सुटीत पुन्हा येणार आहे.